ठोकळा काढल्यानंतरचे आठ महिने

माझ्या इलेक्ट्रिक गिटारच्या पाठीवर एक चौकोनी पोकळी आहे आणि तिच्यावरचे प्लॅस्टिकचे झाकण काढले की आत सागवानाचा एक ठोकळा दिसत असे. तो २००१ साली ठोकून बसवलेला होता. तो तेथे का होता, काढायला तेवीस वर्षे का लागली आणि काढल्यानंतर जानेवारी ते सप्टेंबर २०२४ या काळात काय काय करावे लागले, हे क्रमाने लिहून ठेवतो आहे. सांगलीत इलेक्ट्रिक गिटारचे बारीक काम जाणणारा माणूस मला तरी सहज भेटला नाही, आणि वाचायला मिळणारी माहिती बहुधा परदेशातील दुकाने व हत्यारे गृहीत धरून दिलेली असते. येथे राहून हे काम करू पाहणाऱ्याला यातले काही उपयोगी पडावे.

गिटार मी १९९९ मध्ये पुण्यात वसतिगृह सोडून चाललेल्या एका विद्यार्थ्याकडून ९,५०० रुपयांना घेतली. कोरियात बनलेली, स्ट्रॅटोकास्टर या प्रसिद्ध अमेरिकी गिटारच्या घडणीची, तारांचा आवाज टिपणाऱ्या तीन पिकअपची. तेव्हा मी सांगलीतील एका ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवत असे आणि ही रक्कम म्हणजे दोन गणेशोत्सवांची व एका नवरात्राची माझी सगळी बिदागी होती. या गिटारच्या ब्रिजला, म्हणजे तिच्या अंगावर तारा जेथे टेकतात त्या भागाला, एक दांडी जोडता येते. ती दाबली की सगळ्या तारा एकदम ढिल्या होऊन सूर खाली झुकतो आणि सोडली की तो परत जागेवर यावा अशी अपेक्षा असते. आमच्यात तिला नुसते ‘लिव्हर’ म्हणत. २००१ च्या नवरात्रात तासगाव तालुक्यातील एका गावी सुरुवातीचे वाद्यसंगीत चालू असताना मी लिव्हर दाबली, आणि सूर खाली गेला तो वर आलाच नाही. गायिकेने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती अजून आठवते. पुढची पाच मिनिटे की-बोर्डवाल्याने सावरून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी त्यानेच, सुताराचा मुलगा असल्याने, मापाचा ठोकळा तासून ब्रिजच्या मागे बसवला. ब्रिज हलणे बंद झाले, गिटार सुरात राहू लागली आणि दांडी कुठेतरी हरवली.

२००६ मध्ये ऑर्केस्ट्रा थांबला. मी मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेबाचे काम पाहू लागलो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा गावभागातील आमच्या घरात पाणी होते आणि गिटार माळ्यावर होती. ती भिजली नाही, पण आठ-दहा दिवसांची ओल तिने घेतली. पेटी मी उघडून पाहिली नाही. त्या दिवसांत पाहण्यासारख्या इतर गोष्टी पुष्कळ होत्या. डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या मंडळींनी गणपतीत गल्लीच्या मंडळासाठी एक कार्यक्रम करायचे ठरवले. मला तेच सुरुवातीचे वाद्यसंगीत पुन्हा वाजवायचे होते, आणि या खेपेस लिव्हरसकट.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे १४ जानेवारीच्या रविवारी, मागचे झाकण काढले. आत पाच स्प्रिंगा होत्या आणि पाचही गंजलेल्या होत्या. ठोकळा हातोडीने न ठोकता आधी सगळ्या तारा सैल केल्या, मग तो हलवत हलवत काढला. हा क्रम महत्त्वाचा आहे. तारा ताणलेल्या असताना आतले काही काढले तर ब्रिज एकदम झेप घेतो, आणि स्प्रिंग सुटून डोळ्याला लागण्याची भीती असते. मी मोटारसायकलचा गॉगल लावला होता, त्यामुळे घरात थोडी करमणूकही झाली.

ही यंत्रणा नेमकी काय आहे हे मला गिटार घेतल्यापासून पंचवीस वर्षांत नीटसे ठाऊक नव्हते, हे कबूल केले पाहिजे. लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणली तेव्हा तिच्यासोबत हा ब्रिज आला. त्यांनी त्याला ‘ट्रिमोलो’ म्हटले, आणि १९५६ मध्ये मिळालेल्या पेटंटच्या शीर्षकातही तोच शब्द आहे. वास्तविक ट्रिमोलो म्हणजे आवाजाच्या जोरातील चढउतार, आणि सुराच्या उंचीतील चढउतार म्हणजे व्हायब्रेटो. दांडी करते ते हे दुसरे काम. गंमत अशी की त्याच कंपनीच्या काही अॅम्प्लिफायरांवर आवाज कमीजास्त करणाऱ्या सोयीला ‘व्हायब्रेटो’ असे नाव छापलेले असे. नावांचा हा गोंधळ आजही कायम आहे, त्यामुळे सुटे भाग शोधताना दोन्ही शब्द टाकून पाहावे लागतात.

रचना तशी साधी आहे. ब्रिजची पट्टी पुढच्या कडेला सहा स्क्रूंवर टेकलेली असते आणि त्या कडेवर ती झुलते. पट्टीखाली धातूचा एक जड ठोकळा पोकळीत उतरलेला असतो. तारा त्याच्यातून वर येतात आणि त्याच्या बुडाला स्प्रिंगा अडकवलेल्या असतात. स्प्रिंगांचे दुसरे टोक एका लोखंडी पंजात असते, आणि तो पंजा दोन लांब स्क्रूंनी लाकडात धरलेला असतो. नऊ ते बेचाळीस हजारांश इंच जाडीच्या तारांचा नेहमीचा बारीक संच पूर्ण सुरात चढवला तर सहा तारांचा मिळून ताण सुमारे ३८ किलो भरतो. एका अंगाने हा ताण आणि दुसऱ्या अंगाने स्प्रिंगांची ओढ, असा हा तराजू आहे. अडत दुकानात रोज काटा पाहणाऱ्या माणसाला हे आधीच कळायला हवे होते. काटा शून्यावर परत येत नसेल तर दोष वजनाचा नसतो, कुठेतरी घर्षण होत असते. २००१ साली आम्ही काट्याची सांधी पाहण्याऐवजी काटाच बांधून ठेवला होता.

माझ्या ब्रिजची झुलणारी कड स्क्रूंपाशी खड्डे पडून खराब झाली होती आणि दांडी बसवण्याच्या भोकातील आटे गेले होते, म्हणून पूर्ण ब्रिज बदलायचे ठरवले. येथे माझी पहिली चूक झाली. २७ जानेवारीला एका देशी संकेतस्थळावरून ब्रिज मागवला, तो २ फेब्रुवारीला आला, आणि गिटारवर ठेवून पाहिला तर सहापैकी एकाही भोकाशी नीट जुळेना. अमेरिकी जुन्या मापात बाहेरच्या दोन स्क्रूंमधील अंतर सुमारे ५६ मिलिमीटर असते. माझ्यासारख्या पुष्कळ आशियाई गिटारींत ते साडेबावन्नच्या आसपास असते. विक्रेत्याने माप लिहिलेले होते, मीच मोजले नव्हते. मागवण्यापूर्वी तीन मापे घ्यावीत: बाहेरच्या दोन स्क्रूंच्या मध्यांमधील अंतर, गिटारच्या अंगाची जाडी, आणि पट्टीखालच्या ठोकळ्याची उंची, कारण पातळ अंगाच्या गिटारमध्ये उंच ठोकळा बसवला तर तो मागून बाहेर डोकावतो. दांडीच्या आट्यांचेही दोन प्रकार आहेत, एक मेट्रिक आणि एक इंची, आणि एकाची दांडी दुसऱ्यात बळेच फिरवली तर दोन्ही वाया जातात. ब्रिज ५ फेब्रुवारीला परत पाठवला. पाठवणीचे २४० रुपये माझे गेले, किमतीचा परतावा एकोणीस दिवसांनी, २४ तारखेला जमा झाला.

साडेबावन्न मिलिमीटरचा, पोलादी ठोकळ्याचा ब्रिज मला देशात मिळाला नाही. ३ मार्चला तो परदेशातून मागवला. दांडी, तीन नव्या स्प्रिंगा आणि वाहतूक धरून ८,२०० रुपये झाले. पार्सल १४ मार्चला मुंबईत पोचले आणि दुसऱ्या दिवशी कुरिअर कंपनीचा संदेश आला की ओळखीची कागदपत्रे जमा केल्याशिवाय सीमाशुल्काची प्रक्रिया पुढे सरकणार नाही. आधार कार्डाच्या दोन्ही बाजू व पॅन कार्ड चढवले. दोन दिवसांनी ते नाकारले गेले, कारण मागणी नोंदवताना मी नाव आणि आडनाव एवढेच लिहिले होते व आधारवर वडिलांच्या नावासह पूर्ण नाव आहे. मग ‘ही एकच व्यक्ती आहे’ असे स्वाक्षरीचे पत्र, पावती आणि पैसे कोणत्या खात्यातून गेले ते दाखवणारे बँकेच्या खातेउताऱ्याचे पान मागवले गेले. २१ मार्चला मंजुरी मिळाली, २२ ला शुल्काचा आकडा आला: ६,३३७ रुपये, आणि ते शुल्क आधी भरून ठेवल्याबद्दल कुरिअरचे ५९० रुपये वेगळे. मी हिशेबनीस असूनही हे धरून चाललो नव्हतो, म्हणून स्पष्ट लिहितो: शुल्क केवळ वस्तूच्या किमतीवर लागत नाही, वाहतूक खर्च धरून होणाऱ्या रकमेवर लागते. मागणी करतानाच आधारवरील नाव अक्षरशः तसेच लिहिले असते तर माझे सहा दिवस वाचले असते. पुढे होळी आणि धुळवड आली, आणि पार्सल २७ मार्चला, वर्षअखेरच्या ऐन गर्दीत, दुकानावर हाती पडले. खोके उघडायला चार तारीख उजाडली.

पाडव्याला, ९ एप्रिलला, ब्रिज बसवला. सहा स्क्रू सारखे आवळून टाकण्याचा मोह होतो, तो टाळावा. पट्टीला झुलायला मोकळीक लागते. बाहेरच्या दोन स्क्रूंवर उंची ठरवायची आणि मधले चार किंचित वर ठेवायचे, म्हणजे ते केवळ राखण करतात, भार घेत नाहीत. जेथे पट्टीची कड स्क्रूला टेकते तेथे टाचणीच्या डोक्याइतके व्हॅसलिन लावले. स्प्रिंगा पाचऐवजी तीन लावल्या. एक मधोमध आणि दोन बाहेरच्या टोकांना. पंजाचे गंजलेले स्क्रू काढताना मात्र घाम फुटला. खोबरेल तेल लावू नये असे मला सांगण्यात आले आणि ते बरोबरच होते, कारण ते लाकडात मुरते. कापसाच्या काडीने गंज सोडवणाऱ्या तेलाचा थेंबभर भाग केवळ धातूला लावून रात्रभर ठेवले, तेव्हा सकाळी स्क्रू फिरले.

त्या खटपटीत पंजाला जोडलेली अर्थिंगची तार तुटली आणि ते माझ्या लक्षातही आले नाही. अॅम्प्लिफायर लावला तेव्हा घोंघावणे सुरू झाले, आणि तारांना हात लावला तरी ते थांबेना. तारांना बोट लागताच घोंघावणे कमी होते ते या तारेमुळेच. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या मुलाकडे गिटार घेऊन गेलो. त्याच्या बारीक सोल्डरिंग आयर्नने पंजा तापेचना, कारण एवढा मोठा लोखंडाचा तुकडा सगळी उष्णता पिऊन टाकतो. शेवटी १३ एप्रिलला जुन्या टीव्हीचे काम करणाऱ्या एका वयस्कर कारागिराने साठ वॅटच्या आयर्नने एका मिनिटात ते केले. ५० रुपये घेतले आणि ही कसली सतार म्हणून विचारले.

आता खरी अडचण समोर आली. दांडी हलकेच दाबून सोडली की माथ्याकडच्या बाजूने ‘टिक’ असा आवाज येई आणि तिसरी तार जागेवर परत येत नसे. तारा जेथे खुंट्यांकडे वळण्याआधी छोट्या खाचांतून जातात, तो नट दोषी होता. प्लॅस्टिकचा नट, खाचा अरुंद. दांडी दाबली की तार सैल होऊन पुढे सरके आणि सोडली की परतीच्या वाटेवर खाचेत चिमटली जाई. २००१ साली गिटार परत आली नाही त्याचे कारण बहुतेक हेच असणार. शिसपेन्सिलची भुकटी खाचेत भरून पाहिली. ग्राफाइटमुळे फरक पडला, पण पुरेसा नाही.

मिरज माझ्या घरापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे, आणि त्याच एप्रिलमध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी वर्तमानपत्रात वाचत असताना मला सुचले की तारेची खाच कशी असावी हे जाणणारी माणसे जगात जिथे पिढ्यान्‌पिढ्या बसून आहेत त्या गावाशेजारी राहून मी परदेशातून नट मागवण्याचा विचार करतो आहे. २१ एप्रिलच्या रविवारी तंतुवाद्यांच्या गल्लीत गेलो. दोन ठिकाणी नम्रपणे नकार मिळाला. तिसऱ्या दुकानात पाठीमागे अर्धवट रंगवलेले भोपळे टांगलेले होते आणि एक वृद्ध कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी लावत, म्हणजे तार झंकारावी म्हणून घोडीचा माथा घासत, बसले होते. त्यांनी हातातले काम संपेपर्यंत मला अर्धा तास बसवून ठेवले, मग गिटार मांडीवर घेतली आणि दांडी स्वतः दाबून पाहिली.

“सूर खाली जातो होय याचा,” ते म्हणाले. “आमच्याकडं मींड घ्यायची तर पडद्यावर तार बाजूला ओढतात, म्हणजे सूर चढतो. उतरवायचा असेल तर आधी ओढून ठेवावी लागते.”

मी म्हणालो, “चाचा, उतरायला उतरतो, पण घरी येत नाही.”

त्यांनी नखाने तिसरी तार खाचेतून उचलली, पुन्हा बसवली, कान जवळ नेला. “येणार कसा? दार अरुंद आहे. साहेब, जवारीत तार घोडीवर घासत राहिली तरच ती बोलते. इथं उलटं काम आहे. इथं तिनं टेकायचं, पण अडकायचं नाही.”

हाडाचा नवा नट करून द्यायचे त्यांनी कबूल केले, पण लग्नसराईतील एका मागणीमुळे आणि ७ मेच्या मतदानामुळे काम लांबले. १२ मेला तो हाती आला, ७०० रुपये. त्यांनी माझ्यासमोर खाचा घासल्या, ते पाहण्यासारखे होते. माझ्याकडून त्याच जाडीच्या तारा मागून घेतल्या आणि प्रत्येक खाच तिच्या तारेपेक्षा केसभर रुंद केली. तळ गोल ठेवला, खुंट्यांच्या दिशेला किंचित उतार दिला, म्हणजे तार पुढच्या कडेवर एकाच ठिकाणी टेकते. आणि शेवटी त्याच तारेला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून खाच आतून गुळगुळीत केली. कोणी हे काम करून घेणार असेल तर आपण वापरणार त्याच जाडीचा तारांचा संच बरोबर न्यावा, आणि पुढे जाडी बदलू नये.

नवा नट बसल्यावर १९ मेला सगळी जुळवणी केली. ब्रिजची मागची कड लाकडापासून सुमारे तीन मिलिमीटर वर तरंगत ठेवावी, म्हणजे दांडी दाबून सूर उतरवता येतो तसा ओढून थोडा चढवताही येतो, असे फेंडरचे माप सांगते. पण तरंगता ब्रिज सुरात लावणे म्हणजे बाज विणण्यासारखे आहे. एक दोरी ओढली की आधीच्या साऱ्या सैल. पहिली तार चढवली की ब्रिज पुढे झुकतो आणि बाकीच्या पाच उतरतात. दीड तास मी असा खुंट्या पिळत बसलो होतो. मग एक युक्ती वाचनात आली आणि ती खरी ठरली: तीन मिलिमीटर जाडीची लाकडी पट्टी ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवायची, पंजाचे स्क्रू आवळून स्प्रिंगा मुद्दाम जास्त ताणायच्या म्हणजे ब्रिज त्या पट्टीवर घट्ट बसतो, मग सहाही तारा शांतपणे सुरात लावायच्या, आणि शेवटी पंजाचे दोन्ही स्क्रू पाव-पाव फेऱ्याने सैल करत जायचे. ज्या क्षणी तराजू समतोल होतो त्या क्षणी पट्टी आपोआप गळून पडते. माझी पट्टी दुपारी चारच्या सुमारास फरशीवर पडली आणि मी सूर तपासला तर सहाही तारा जागेवर होत्या. त्या दिवशीचा चहा मला विशेष गोड लागला.

नव्या तारा ओढून ओढून ताणून घ्याव्या लागतात, नाहीतर त्यांचा सैलपणा दांडीच्या माथी मारला जातो. खुंटीवर दोन-तीन वेढ्यांपेक्षा अधिक गुंडाळू नये, कारण प्रत्येक जास्तीचा वेढा सरकायला जागा देतो. स्प्रिंगा तारांबरोबर गुणगुणतात. त्यांच्या आत फोमचा छोटा तुकडा खोचला की ते थांबते.

दांडी बसली तरी ती वापरता येत नव्हती, आणि हे मला अनपेक्षित होते. तेवीस वर्षांपूर्वी मी तिच्यावर झडप घालत असे. जून आणि जुलैमध्ये रोज रात्री अर्धा तास मी एकच गोष्ट केली: मोबाइलवर तंबोरा लावायचा, गिटारवर षड्ज छेडायचा, दांडी दाबून शुद्ध निषादापर्यंत उतरायचे, तेथे क्षणभर थांबायचे आणि सोडून षड्जावर परत यायचे, मग कोमल निषादापर्यंत. परतीचा षड्ज जरा जरी उतरलेला असेल तर तंबोऱ्याच्या षड्जाशी तो डुलू लागतो आणि कानाला लगेच कळते. ट्यूनरच्या काट्यापेक्षा ही परीक्षा कडक आहे आणि फुकट आहे. तिच्यामुळेच मला समजले की दोष आता गिटारमध्ये कमी आणि माझ्या मनगटात जास्त होता, कारण मी दांडी सोडताना तिला हिसका देत होतो. तळहात ब्रिजवर टेकून, दांडी शेवटच्या दोन बोटांत सैल धरून, छेडल्यानंतर अर्ध्या मात्रेने दाब द्यायचा, एवढे अंगवळणी पडायला पाच आठवडे लागले. आणखी एक मर्यादा लक्षात आली. सहाही तारा सारख्या मापाने उतरत नाहीत, त्यामुळे कॉर्ड, म्हणजे अनेक सूर एकत्र, वाजवून दांडी खोल दाबली तर ते सूर विस्कटतात. हलका झोल द्यावा आणि थांबावे.

जुलैच्या अखेरीस कृष्णेचे पाणी वाढू लागले, तेव्हा २०१९ ची आठवण ठेवून गिटार आधीच विश्रामबागेत बहिणीकडे नेऊन ठेवली, सिलिका जेलच्या पुड्यांसह. दहा दिवस सराव बुडाला.

१८ ऑगस्टच्या तालमीत पहिली तार तुटली. तरंगत्या ब्रिजमध्ये याचा अर्थ काय होतो ते मी वाचले होते, पण अनुभव वेगळा असतो. एका तारेची ओढ गेली की स्प्रिंगांचे पारडे जड होते, ब्रिज मागे बसतो आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. की-बोर्डवाला मित्र, ठोकळ्याचा कर्ता, माझ्याकडे पाहून काही बोलला नाही, पण त्याच्या मनात सागवान होते हे उघड होते. त्या रात्री मी निर्णय बदलला. चौथी स्प्रिंग म्हणून जुन्यातली त्यातल्या त्यात बरी घासून पुसून लावली, पंजा आवळला आणि ब्रिजची मागची कड सरळ लाकडावर टेकवली. आता सूर फक्त उतरतो, ओढून चढवता येत नाही. पण तार तुटली तरी ब्रिज आणखी मागे जाऊ शकत नाही, आणि एक तार बोटाने ताणली तर बाकीच्या उतरत नाहीत. तरंगता ब्रिज घरी वाजवायला सुंदर आहे. व्यासपीठावर, एकच गिटार हाताशी असताना, टेकलेला ब्रिज बरा असे माझे मत झाले आहे, आणि ते मांडताना मला कमीपणा वाटत नाही.

कार्यक्रम १३ सप्टेंबरला झाला. ध्वनिक्षेपक दहाच्या आत बंद करायचा असल्याने आमचे वाद्यसंगीत साडेसातलाच ठेवले होते. हवा दमट होती, मांडवात दिव्यांचा उकाडा होता, आणि सुरू होण्यापूर्वी दोनदा सूर लावावा लागला. दुसऱ्या कडव्यानंतरच्या लांब सुरावर मी दांडी दाबली. सूर शुद्ध निषादापर्यंत झुकला आणि परत आला. गायिका याही वेळी माझ्याकडे पाहत होती. तिने फक्त मान हलवली आणि माइक उचलला.

खर्चाचा हिशेब असा: ब्रिज, वाहतूक व शुल्क मिळून १५,१२७ रुपये, चुकीच्या ब्रिजची पाठवणी २४०, सोल्डरिंग ५०, नट ७००, तारांचे तीन संच १,८६०. एकूण १७,९७७ रुपये. गिटारपेक्षा तिची दांडी महाग पडली, असे घरी ऐकून घ्यावे लागले आणि आकडे घरच्यांच्याच बाजूने आहेत. सांगली-मिरज फेऱ्यांचे पेट्रोल मी जाणूनबुजून धरलेले नाही.

तिसरी तार अजूनही कधीकधी, विशेषतः पावसाळी हवेत, केसभर खाली राहते. दांडी सोडल्यावर त्या तारेला नटच्या मागे बोटाने हलकेच दाबले की ती जागेवर येते, पण मला तसे करावे लागू नये असे वाटते. दसऱ्यानंतर गल्लीतील गर्दी ओसरली की गिटार घेऊन पुन्हा मिरजेला जाणार आहे. चाचांनी ती एकच खाच परत पाहतो म्हणून सांगितले आहे.